पाठमोरा वाटा

मतमोजणीच्या कामावर मी पहिल्यांदा गेले ती पंच्याण्णव साली. कॉलेजात शिकवणाऱ्यांना निवडणुकीची ड्यूटी लागतेच. मी संख्याशास्त्र शिकवायचे, म्हणजे मोजायला बरी, असा कुणीतरी विचार केला असावा. पण त्या दिवसातलं माझ्या लक्षात राहिलं ते मोजणं नाही, त्याच्या आधीचं कालवणं. मतपेट्या उघडल्या, केंद्राकेंद्राचे कागद नगाला नग जुळवून पाहिले, गठ्ठे बांधले, आणि मग कितीतरी गावांचे गठ्ठे एका मोठ्या पत्र्याच्या पिंपात ओतले. दोन शिपायांनी बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ते कागद वरखाली करायला सुरुवात केली. पंगतीचा भात मोकळा करतात तसे.

“नीट कालवा रे,” आमचे साहेब म्हणाले. “कुणाच्या गावचं कोण, देवालासुद्धा कळता कामा नये.”

सरमिसळीचं गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत होते. पत्ते किती वेळा पिसले म्हणजे मूळ क्रम पुसला जातो, वगैरे. ते गणित माणसांच्या हातांनी, पत्र्याच्या पिंपात, इतक्या गंभीरपणे चाललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहाची सुट्टी झाली तरी मी त्या पिंपापाशीच उभी होते.

दोन हजार चारमध्ये आमच्या मोजणीत यंत्रं आली आणि पिंप गेलं. प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं, बटण दाबलं की त्या केंद्राचा आकडा वेगळा. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं आटोपलं. घरी लवकर जायला मिळालं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. पिंपाची आठवण कुणालाच झाली नाही, मलाही नाही.

ती करून दिली किशोरने. किशोर माझा जुना विद्यार्थी. वडील नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होते. मुलाने नोकरी न करता गंगापूर रोडवर एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर तीन कॉम्प्युटर मांडले होते. निवडणूक आली की मतदारांच्या चिठ्ठ्या छापून द्यायचा, एरवी लग्नपत्रिका. त्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला बोलावून घेतलं.

“मॅडम, चहा गार होऊ द्या, पण आधी हे बघा,” तो म्हणाला. त्याच्या टेबलावर पश्चिमेकडच्या सगळ्या डोंगरी भागाचे केंद्रवार आकडे होते. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं. “चोरीबिरी नाही हं. सरकारीच आहेत. अर्ज केला की मिळतात.”

“मग तुला काय हवंय?”

“धनराजभाऊ यंदा विधानसभेला थोडक्यात पडले. कुठे पडले ते त्यांना बघायचंय. आणि पुढच्या वेळी कुठे जायचं, कुठे नाही, कुठे काम द्यायचं, ते यंत्राने सांगावं. जीपला डिझेल लागतं, मॅडम. प्रत्येक पाड्यावर कोण जातंय?”

प्रश्न साधा होता आणि म्हणूनच मला आवडला. हाताशी थोडे दिवस, थोडी कामं, खूप गावं. कुठे खर्च केले तर निकाल सर्वांत जास्त हलेल? मी सुट्टीभर बसून प्रोग्रॅम लिहिला. जी केंद्रं भाऊंच्या बाजूची ती हिरवी. जी पक्की विरोधात ती लाल. जिथे मतं सारखी वाटली गेली होती, थोड्या जोराने इकडची तिकडे होऊ शकतील, ती पिवळी. प्रोग्रॅम सगळं बळ पिवळ्यांकडे पाठवायचा. हिरव्यांना थोडं, लालना शून्य.

पहिल्यांदा नकाशा पडद्यावर आला तेव्हा वीज गेलेली होती आणि यूपीएस टिकटिक करत होता. किशोर म्हणाला, “मॅडम, पटकन बघा.” पण पटकन बघण्यासारखं ते नव्हतंच. एकेक केंद्र म्हणजे एकेक ठिपका. ठिपके उमटत गेले आणि रंगांना आकार यायला लागला. जीप जिथून जाते त्या रस्त्यांच्या कडेने एक रंग लांबच्या लांब पसरला होता. ज्या गावांचा आठवड्याचा बाजार एक, त्यांचं मत एक. मधे डोंगर असला तरी. घाटाखाली एकदम दुसरा रंग. कुणीही कुणाला विचारलेलं नव्हतं, प्रत्येकाने एकट्याने आडोशाला जाऊन बटण दाबलं होतं, आणि तरी ते सगळं एका शरीरासारखं दिसत होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कांद्याचा पापुद्रा पाहिला होता, तेव्हा असंच झालं होतं मला. रोजच्या जेवणातला कांदा, आणि आत इतक्या खोल्या.

धनराजभाऊ नकाशा बघायला आले ते चपला बाहेर काढून. मी नको म्हटलं तरी. जाडजूड, हसरा माणूस. पडद्याजवळ नाक नेऊन त्यांनी एक ठिपका बोटाने दाबला.

“ही तर माझी सासुरवाडी. लाल कशी?”

किशोरने आकडा वाचून दाखवला.

“बरंय,” भाऊ खाली बसत म्हणाले. “घरी सांगू नका. संक्रांतीला तिथंच जायचंय.”

नकाशात एक ठिपका मला खटकत होता. सुरगाण्याच्या पुढे, नदीपलीकडचा खैरपाडा. छोटं केंद्र, अठ्ठावन्न मतं, आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न एकाच उमेदवाराला, धनराजभाऊंना नव्हे. इतकं एकसारखं काही दिसलं की मला आधी टंकलेखनाची चूक आठवते. कागद तपासला, आकडा तोच होता. तरी मन मानेना. जानेवारीत एक रविवार काढून मी निघाले.

सुरगाण्याला एसटीतून उतरून जीप धरली. जीपवाला म्हणाला, “बाई, पुढं बसा निवांत. अजून तीनच बसतील पुढं.” माझ्या मांडीला मांडी लावून एक तरुण बाई बसली होती, मिठाची पिशवी, रॉकेलचा डबा आणि केसांत पिवळी रिबीन. तिला खैरपाड्याला जायचं होतं. नाव संध्या. पाड्याचा कारभार बघणारे पुंजाबाबा तिचे सासरे.

“तुमी कोन? नर्सबाई?” तिने विचारलं.

“नाही. मी आकड्यांचं काम करते.”

“मटक्याचं?”

सगळी जीप हसली, ड्रायव्हरसकट.

उतरून अर्धा डोंगर चालल्यावर नदी आली. जानेवारी होता म्हणून पाणी घोट्याएवढं, पण पात्र चांगलं रुंद आणि दोन्ही काठ खोल कापलेले. दगडांवरून उड्या मारत जायचं. संध्या डबा डोक्यावर घेऊन सहज गेली आणि माझ्यासाठी मधे थांबली. ती थांबली होती तो कातळ टेबलासारखा सपाट होता.

“इथंच झाली माझी पयली,” ती म्हणाली. “भर पावसात. दवाखान्याला नेत व्हते झोळीतून. पानी इथवर आलं, मंग ना इकडं ना तिकडं.” तिने पायाखालच्या कातळाच्या कडेकडे हात केला. “जगली नाय.”

तिने माझा हात धरून मला पलीकडे घेतलं.

“साकव मागतो आमी,” काठ चढताना ती म्हणाली. “माणूस चालंल एवढाच. जीप नको. माझ्या सासूबाई नांदायला आल्या तवापासून मागतेत. आता मला दुसरं व्हईल ना बाई, तर मी वैशाखातच माहेरी जाऊन बसनार. इथं नाय राहनार पावसात.”

पाड्यावर त्या दिवशी मासे धरले होते. नदीच्या वरच्या अंगाला एक डोह होता, तो सगळ्यांनी मिळून बांध घालून उपसला होता, आणि आता आंब्याखाली मासे नि खेकडे सागाच्या पानांवर वाटून ठेवत होते. घर तितकी पानं. लहानमोठं बघून, इकडचा एक उचलून तिकडे टाकून, पुंजाबाबा वाटे सारखे करत होते. सत्तरीचे, अंगात बंडी, डोळे मिस्कील. वाटे झाल्यावर त्यांची आई पुढे आली. तिला सगळे अक्काबाई म्हणत. तिचं वय कुणाला सांगता येत नव्हतं. ती वाट्यांकडे पाठ करून बसली. पुंजाबाबांनी एका पानावर काठी टेकवली.

“हा कोनाचा?”

“देवरामचा,” अक्काबाई समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाली.

“हा कोनाचा?”

“चिमाजीचा.”

असं एकेक घर. कुणी हू की चू केलं नाही. मग काठी एका पानावर टेकली आणि अक्काबाई म्हणाली, “हा शहरच्या बाईचा.” हसण्याचा एकच कल्लोळ झाला. मी नको नको म्हणत होते. संध्या म्हणाली, “पाठीमागून आलेला वाटा नाय म्हनायचा नसतो.”

वाटणारे हात आणि नाव घेणारं तोंड वेगळं, आणि तोंडाला डोळे नाहीत. पाहत असताना मला पत्र्याचं पिंप आठवलं.

जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. पुंजाबाबांनी विचारलं, “बाई, एवढ्या लांब कशापायी आल्या?”

मी खरं ते सांगितलं. यंत्रातला आकडा अठ्ठावन्न दिसतो, तो खरा आहे का ते बघायला.

चिमाजी नावाचा एक जण हातातला घास खाली ठेवून म्हणाला, “म्हंजी मशीन नाव सांगतं?”

“नाही. नाव नाही सांगत. कुणी कुणाला दिलं ते कुणालाच कळत नाही. पण खैरपाड्याने मिळून किती दिली, ते कळतं.”

“पयलं नव्हतं कळत.”

“नव्हतं. पूर्वी सगळ्या गावांचे कागद एका पिंपात कालवायचे. आता यंत्र येतं, पाड्याचं पाड्याला.”

“आमी बसतो, ठरवतो, मंग समदे एकालाच देतो,” पुंजाबाबा म्हणाले. “एकाला दिलं तर त्याला मागता येतं. तो पडला तर बाकीच्यांना कळायचं नाय आमी कोनाचे. आता कळतं म्हना.” त्यांनी क्षणभर विचार केला. “तुमच्या यंत्रात आमी कसे दिसतो?”

“लाल ठिपका.”

“चांगला रंग हाय. कुंकवाचा,” अक्काबाई म्हणाली.

“आजी, लाल म्हणजे विरोधातले. तिकडे जीप पाठवायची नाही, काम द्यायचं नाही. उपयोग नाही म्हणून.”

“आन् जे त्यांचेच हायेत, त्यांना?” संध्याने विचारलं.

“ते हिरवे. त्यांनाही फारसं नाही. ते कुठे जाणार आहेत?”

“मंग देतेत कोनाला?”

मी भाकरी खाली ठेवली. शिकवायची सवय वाईट असते. कुणी नीट प्रश्न विचारला की उत्तर नीट द्यावंसं वाटतं. मी बाजूच्या चुलीच्या राखेत बोटाने तीन ठिपके काढले आणि सांगितलं. जिथे मतं सारखी वाटली जातात ती पिवळी. तिथे सगळे उमेदवार जातात, कारण तिथे प्रत्येकाला आशा असते.

पुंजाबाबा राखेकडे बघत राहिले. मग हसायला लागले. “म्हंजी ज्याचं ठरतच नाय, त्याला मान! आमच्यात अशा पोराला पोरगी नाय देत कुनी.”

मी परत निघाले तेव्हा माझा वाटा पानात बांधून दिला होता. नाशिकपर्यंत एसटीत माझ्या शेजारची जागा कुणी घेतली नाही.

प्रोग्रॅममध्ये खैरपाडा लालच राहिला. आकडा बरोबर होता.

दोन हजार सातच्या सुरुवातीला जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. तेव्हा त्या भागातली अर्धीअधिक माणसं निफाडकडे द्राक्षं तोडायला गेलेली असतात. धनराजभाऊ उभे होते, समोर दोघं जण होते. भाऊ निवडून आले. नवे आकडे हाती आल्यावर किशोरने सगळं भरलं आणि मला बोलावलं. एव्हाना मी प्रोग्रॅमला एक जोड दिली होती: जिथे मत एकदम पालटलेलं दिसेल ते केंद्र यंत्राने बाजूला काढायचं, आणि मी तपासून ‘ठीक’ म्हटल्याशिवाय कामांच्या क्रमात घ्यायचं नाही. चुकीच्या आकड्यावर कुणाचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून.

बाजूला निघालेलं पहिलंच नाव खैरपाडा.

“मॅडम, हे बघा,” किशोर म्हणाला. “लालभडक होतं हे. आता तिघांना वीस, वीस, वीस. यंत्र बिघडलं असणार. वगळून टाकू?”

“थांब. आकडा तपासते.”

मी सरकारी कागदाची प्रत मागवली. वीस, वीस, वीस. आपोआप असं होऊच शकत नाही असं नाही. जिथे तिघांना सारखा कौल आहे तिथे शंभरात एखाद्या वेळी असं जुळूनही येईल. पण खैरपाडा आपोआप काही करत नव्हता. तो बसून ठरवायचा. मी पडद्याकडे बघत राहिले, आणि मला आंबा दिसला, सागाची पानं दिसली, आणि डोंगराकडे तोंड करून बसलेली एक म्हातारी. हा कोनाचा?

दोन वर्षं आम्ही गंगापूर रोडवर बसून त्यांना वाचत होतो. ते काय करतील, कसे वळतील, कितीत वळतील. आणि ज्या पाड्यावर विजेचा खांबसुद्धा नव्हता तिथे कुणीतरी राखेतल्या तीन ठिपक्यांवरून आम्हाला वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, उत्तर पाठवलं होतं, यंत्राला कळेल अशा एकाच भाषेत. त्यासाठी द्राक्षाच्या बागांतून, रोज बुडवून, टेम्पोत उभी राहून माणसं परत आली असणार. त्यातल्या चाळीसांनी तरी मनात नसलेल्या माणसाचं बटण दाबलं असणार. एकही हात चुकला नव्हता. आडोशाच्या आत कुणी बघत नसताना.

मी आयुष्यात पुष्कळ सुंदर सिद्धता वाचल्या आहेत. त्या ओळीत मला काय दिसत होतं ते किशोरला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सांगितलं असतं तर तो ठिपका पुन्हा लाल झाला असता. किशोरचा दोष नाही. मीच लिहिलेल्या नियमाप्रमाणे झाला असता.

“काय मॅडम? आकडा चुकलाय ना?”

“नाही. आकडा बरोबर आहे.”

“पण असं कसं होईल?”

“तो वेगळा प्रश्न आहे.”

“पेपरातसुद्धा असंच छळायचात,” किशोर म्हणाला आणि हसला.

मी ‘ठीक’वर टिचकी मारली. ठिपका पिवळा झाला. क्षणभरात सगळी यादी खालीवर हलली आणि खैरपाडा तळातून वर वर येत पहिल्या पानावर जाऊन बसला. आता तिथे काय द्यायचं तेवढं किशोरच्या माणसाने विचारून यायचं होतं. पाड्यावर विचारलं तर काय मागतील हे मला ठाऊक होतं.

पुढचं मला किशोरकडूनच कळत गेलं. त्याने तोच नकाशा गुपचूप भाऊंच्या विरोधकांनाही विकला होता.

“हे बरोबर नाही, किशोर.”

“आकडे सरकारी आहेत, मॅडम. रंग तेवढे बदलून दिले.” मग जरा वरमून म्हणाला, “पण पिवळा तोच ठेवला.”

त्यामुळे खैरपाड्याच्या साकवाचं भूमिपूजन दोनदा झालं. अलीकडच्या काठावर धनराजभाऊंनी नारळ फोडला. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या काठावर विरोधकांनी. भाऊंना ते कळलं तेव्हा त्यांनी काम रखडू दिलं नाही. आपल्या आधी दुसऱ्याचा खांब उभा राहू नये या घाईत एका उन्हाळ्यात सिमेंटचे खांबही आले आणि वरची फरशीही पडली.

दोन हजार नऊच्या श्रावणात मी तो बघायला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. ऑक्टोबरात विधानसभा होती, भाऊ पुन्हा उभे राहणार होते, किशोर रोज फोन करत होता. मी त्याला सांगितलं, एक आकडा बघून येते.

नदीचा आवाज वळणाच्या आधीपासून यायला लागला. ती मी पाहिलेली नदी नव्हतीच. दोन काठांच्या मधलं सगळं पात्र तांबड्या पाण्याने भरलेलं, मोठी लाकडं काडीसारखी वाहत होती. संध्याचा तो सपाट कातळ कुठे असेल याचा अंदाजसुद्धा येईना. आणि त्या सगळ्याच्या वर, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा, लोखंडी कठड्याचा साकव. दोन्ही टोकांना दोन वेगळ्या रंगांचे दगड, दोन वेगळी नावं कोरलेली.

मी मधोमध जाऊन उभी राहिले. पायांखाली फरशी बारीक थरथरत होती. प्रोग्रॅमच्या कितीतरी ओळी माझ्या डोक्यात होत्या, आणि त्यांतल्या एकीचंही त्या पाण्याशी नातं लावता येईना. तरी त्या ओळी नसत्या तर मी हवेत उभी असते.

पलीकडून गोणपाटाची खोळ घेतलेली संध्या आली. काखेत सव्वा वर्षाचं पोर होतं.

“मटकेवाल्या बाई!” ती लांबूनच ओरडली.

तिने सांगितलं, पोर मागच्या वर्षी वैशाखात माहेरी झालं, ठरवल्याप्रमाणे. आता ती पुन्हा पोटुशी होती, तिसरा महिना चालू होता आणि सुरगाण्याच्या दवाखान्यात सुई घ्यायला ती पायाने चालली होती. भर श्रावणात.

“बाबा?”

“हायेत ना. रोज साकवावर येऊन बिडी पितेत. म्हंतेत, दोघांनी बांधलाय, दोघांच्या बाजूला अर्धी अर्धी प्यायला पायजे.”

पुंजाबाबा आणि अक्काबाई घरातच होते. मी आत जाऊन बसले आणि कुणी काही सांगायच्या आत म्हटलं, “आजी, पाठ तुम्ही केली होती ना?”

अक्काबाईला ऐकायला कमी येत होतं. पुंजाबाबांनी कानाशी जाऊन सांगितलं. ती बोळक्या तोंडाने हसली.

“मंग कोन करनार?”

“एकसष्ट जन व्हतो आमी,” पुंजाबाबा म्हणाले. “तिघांत बसंना. एक जन उरत व्हता. म्हातारी म्हनाली, मी पाठ केली तेच माझं मत, मी नाय येत केंद्रावर.”

“आणि बाकीच्यांनी ऐकलं? ज्याचा वाटा आला त्यालाच दिलं?”

पुंजाबाबांना माझा प्रश्नच कळला नाही. मग कळला. “पाठीमागून आलेला वाटा, बाई,” ते शांतपणे म्हणाले. “त्यो कोन बदलनार?”

“माझ्या वाट्याला त्यो दाढीवाला आला व्हता,” संध्या दारातून म्हणाली. तिचं दवाखान्यात जाणं माझ्यामुळे लांबलं होतं. “मला मुळीच नको व्हता. सभेत बायांकडं बघून बिडी पेटवत व्हता. तरी दाबलं. दाबताना डोळे मिटले.”

“या खेपेला बसलो व्हतो परवा,” पुंजाबाबा म्हणाले. “म्हटलं पुन्यांदा पाठ करू. पिवळंच राहू. रस्ता राहिलाय, लाईट राहिलीय. तर ही नाय म्हनती. बाया समद्या हिच्या बाजूला.”

“नाय म्हनजे नाय,” संध्या म्हणाली. “एकदा पाड्यानं ठरवलं, एकदा म्हातारीनं पाठ केली. आता मला माझं द्यायचंय, डोळे उघडे ठेवून. चिमाजीला त्याचं देऊ द्या. बाबांना बाबांचं.”

“आन् लाल झालो मंग?”

“होऊ.”

पुंजाबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला समजवावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मला आकडेमोड करून सांगता आलं असतं. प्रत्येकाने आपापलं दिलं तर रंग कोणता येईल, रस्ता किती लांबेल. मी उठले आणि छत्री घेतली.

संध्या मला सोडायला साकवापर्यंत आली. तिला तसंही पलीकडे जायचं होतं. पाऊस थांबला होता, पाणी नव्हतं थांबलं. मधोमध आल्यावर तिने पोराला कठड्यापाशी धरून नदी दाखवली. पोर घाबरलं नाही. पाण्याला टाळ्या वाजवायला लागलं.

“बाई,” ती म्हणाली, “आमी आपापलं दिलं, तर तुमच्या यंत्रात कळंल का आमचा रंग?”

“कळेल.”

“कोनी कोनाला दिलं ते?”

“ते नाही. पण पाडा कोणाकडे झुकला ते कळेल.”

तिने पोराला पुन्हा काखेत घेतलं आणि पाय आपटून फरशी वाजवून पाहिली. घट्ट वाजली.

“कळू द्या मंग,” ती म्हणाली. “साकव काय उचलून नेतील?”

आणि दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचं होतं म्हणून ती माझ्यापुढे भराभर चालायला लागली.